घरदुरुस्तीचे काम कोणाच्या हाती द्याल?

दिवाळी उलटली की आमच्या सावर्ड्यात आणि आजूबाजूच्या डेरवण, असुर्डे, आगवे, कोंडमळा या गावांत घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. पावसाळ्यात कुठे गळले, कोणती भिंत ओलावली, कोणता वासा वाळवीने पोखरला, हे गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. कुणाच्या हाती निवृत्तीचे पैसे आलेले असतात, कुणी पतसंस्थेचे कर्ज काढलेले असते आणि मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, सगळे उरकायचे असते. घरांची अंदाजपत्रके करून देणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो, ''एखादा चांगला, लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर सांगा हो.''

मंडळी, या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकून अनेकांना धक्का बसतो. आपल्या राज्यात खासगी घराचे बांधकाम किंवा दुरुस्ती करणाऱ्या ठेकेदाराला कसल्याही परवान्याची सक्ती नाही. वाहन चालवायला परवाना लागतो, औषधे विकायला परवाना लागतो; पण तुमच्या डोक्यावरचे छप्पर उतरवून पुन्हा चढवायला लागत नाही. आज थापी हातात धरलेला माणूस उद्या व्हिजिटिंग कार्ड छापून 'बिल्डर अँड कॉन्ट्रॅक्टर' होऊ शकतो आणि त्यात बेकायदेशीर असे काही नाही.

मग लोक ज्याला 'लायसन' म्हणतात ते काय असते? बहुधा ते चारपैकी एखादे कागदपत्र असते. पहिले, सार्वजनिक बांधकाम विभागाकडील नोंदणी. हा विभाग ठेकेदारांना आर्थिक मर्यादेनुसार वेगवेगळ्या वर्गांत नोंदवून घेतो. ती नोंदणी सरकारी कामांच्या निविदा भरण्यासाठी असते. रस्त्याची मोरी उत्तम बांधणाऱ्याला तुमच्या कौलारू घराची भाल बदलता येईलच असे नाही. दुसरे, जीएसटी क्रमांक. तो कर भरण्यासाठी असतो; त्यावरून माणसाचे कसब कळत नाही. तिसरे, दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंद, म्हणजे आपला जुना गुमास्ता. २०१७ च्या नव्या कायद्यापासून थोडे कामगार असलेल्या छोट्या आस्थापनेला तर नुसती सूचना दिली की पुरते. आणि चौथे, उद्यम नोंदणी. तिच्यातली माहिती अर्जदार स्वतःच भरतो. चारही कागद खरे असू शकतात. पण या माणसाला घर बांधता येते, असे त्यांपैकी एकही कागद सांगत नाही.

महारेराचे नावही पुष्कळदा घेतले जाते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली २०१७ मध्ये हे प्राधिकरण स्थापन झाले. पण ते विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या इमारतींच्या प्रकल्पांसाठी आहे. तुमच्या वाडीतल्या घराची पडवी वाढवणाऱ्याला महारेराचा क्रमांक नसतो आणि लागतही नाही.

जगात सगळीकडे असे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात ठेकेदारांना परवाने देणारे सरकारी मंडळ १९२९ पासून आहे. २०२५ पासून तेथे एक हजार डॉलर किंवा त्याहून मोठे काम विनापरवाना घेता येत नाही. घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कमही कामाच्या दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते. उलट ब्रिटनसारख्या देशात साध्या बांधकाम ठेकेदाराला परवान्याची सक्ती नाही. पण गॅसचे काम करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे. आपली परिस्थिती ब्रिटनच्या जवळची आहे. ज्या कामात चुकीने जीव जाऊ शकतो अशा काही कामांना परवाना आहे, बाकीचे मालकाने पाहून घ्यायचे. तेव्हा सरकारने जी पारख केलेली नाही ती आपणच कशी करायची, हे समजून घेऊ.

आधी, ज्यांचे कागद खरोखर तपासता येतात त्यांच्याकडे वळू. विजेचे काम करणारा ठेकेदार, पर्यवेक्षक आणि वायरमन म्हणजे तारतंत्री, यांना राज्य शासनाचा परवाना लागतो. त्या परवान्यावर नाव, क्रमांक आणि मुदत असते. मुदत संपली आहे का, हे अवश्य पाहावे. नवीन जोडणी किंवा वाढीव भार घेताना महावितरणला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी काम एक जण करतो आणि सहीपुरता दुसऱ्याचा परवाना आणला जातो. म्हणून ज्याची सही रिपोर्टवर येणार, त्याने एकदा तरी घरी येऊन फिटिंग पाहिले पाहिजे, अशी अट घालावी. आपल्याकडे चार महिने भिंती दमट असतात. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, यांत काटकसर करू नये.

आर्किटेक्ट ही पदवी १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. वास्तुरचनाकार परिषदेकडे नोंद असलेल्यालाच ती लावता येते. नोंदणी क्रमांकाची सुरुवात इंग्रजी 'सीए' या अक्षरांनी होते आणि तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. कॉलम, बीम, स्लॅब यांत हात घालायचा असेल तर स्थापत्य अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. जुन्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती कौलांचा भार सोसण्यासाठी बांधलेल्या असतात. त्यांच्यावर स्लॅब टाकून मजला चढवणे हे ठेकेदाराच्या 'काही होत नाही' या शब्दावर करण्यासारखे काम नव्हे. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सह्याद्रीच्या पलीकडे झाला आणि आपण त्याच डोंगराच्या अलीकडे राहतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता ठेकेदाराकडे जाण्यापूर्वी आपल्या घरातले कागद. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, म्हणजे ज्याला आपण असेसमेंट उतारा म्हणतो, तो काढा आणि त्यावर नाव कोणाचे आहे ते पाहा. कोकणात पुष्कळ घरे अजून आजोबांच्या किंवा सामाईक नावावर असतात. एक भाऊ मुंबईत, दुसरा पुण्यात, तिसरा गावी, आणि दुरुस्ती तिसरा काढतो. काम अर्धे झाल्यावर एखाद्या हिस्सेदाराचा अर्ज आला की काम थांबते. ठेकेदाराची माणसे मात्र मजुरी मागतात. म्हणून सर्वांची लेखी संमती आधी घ्यावी. परवानगीचे म्हणाल तर प्लास्टर, रंग, फरशी, त्याच उंचीवर कौले बदलणे अशा दुरुस्तीला साधारणपणे बांधकाम परवानगी लागत नाही. पण खोली वाढवणे, मजला चढवणे, कौले काढून स्लॅब टाकणे याला लागते. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांना भेटून कामाचे स्वरूप सांगावे आणि जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावे. घर महामार्गालगत असेल तर रस्त्यापासून किती अंतर सोडायचे याची चौकशी वेगळी करावी.

यानंतर कामाची यादी. 'घर पाहावे बांधून' अशी म्हण आहे. पण माझा अनुभव असा, की नवे घर बांधण्यापेक्षा जुने दुरुस्त करणे अधिक अवघड. नव्या कामात सगळे नकाशावर दिसते. जुन्या कामात निम्मे काम कौलांच्या खाली आणि प्लास्टरच्या आत दडलेले असते. तेथेच भांडणे होतात.

जवळच्या एका वाडीतल्या घराचे उदाहरण सांगतो. निवृत्त झालेल्या गृहस्थांनी सहा लाखांत 'सगळे घर करून देतो' या बोलीवर काम दिले. कागद नव्हता. एप्रिलमध्ये कौले उतरवली तेव्हा बरेच लाकूड वाळवीने पोखरलेले निघाले. ठेकेदाराने एक लाख ऐंशी हजार जादा मागितले. मालक म्हणाले, ''सगळे म्हणजे सगळे ठरले होते.'' ठेकेदार म्हणाला, ''आतले लाकूड मला कसे दिसणार?'' पंधरा दिवस घर उघडे राहिले आणि मे अर्धा सरला. मला बोलावले तेव्हा आम्ही तिघांनी मिळून बदलायचे वासे मोजले, ते बावीस भरले. दोन भाली आणि आढ्याचा एक तुकडाही निकामी होता. लाकूड आणि मजुरी धरून वाढीव काम एक लाख दहा हजारांचे होते. ठेकेदाराचे म्हणणे सगळे खोटे नव्हते आणि मालकाचा संशयही सगळा खोटा नव्हता. कागदावर एकच ओळ असती, की लाकूड खराब निघाल्यास दोघांसमक्ष मोजून अमुक दराने बदलावे, तर हे पंधरा दिवस वाचले असते. पहिला पाऊस आला तेव्हा मागच्या पाख्यावर कौले चढायची होती आणि घरातली म्हातारी माणसे शेजारच्या पडवीत होती.

म्हणून यादी बाबवार करावी. जुनी कौले उतरवणे, चांगली वेगळी रचणे, लाकूड तपासणे, खराब वासे आणि रिपा बदलणे, कोने बसवणे, भिंतीचे जुने प्लास्टर काढणे, नवे करणे, फरशी, नळ, वीज, रंग आणि शेवटी राडारोडा उचलणे. प्रत्येक बाबीपुढे अंदाजी माप लिहावे. ही एकच यादी तीन ठेकेदारांना द्यावी आणि प्रत्येकाकडून बाबवार दर मागावेत. यादी एकच असली तरच दरांची तुलना करता येते. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला, 'हे एवढ्यात कसे बसते' असे मोकळेपणाने विचारावे. उत्तर पटले तर काम द्यावे. उत्तर टाळले तर उरलेले पैसे तो 'वाढीव कामा'तून काढणार असे समजावे.

'चौरस फुटाचा दर' या शब्दात एक खोच आहे. समजा खोली आतून १२ बाय १५ फूट आहे. क्षेत्रफळ १८० चौरस फूट. पण नऊ इंची भिंती धरून बाहेरून मोजले तर १३.५ बाय १६.५, म्हणजे जवळजवळ २२३ चौरस फूट होतात. मजुरीचा दर हिशेबापुरता ३०० रुपये धरला तर एका खोलीत सुमारे १३ हजार रुपयांचा फरक पडतो. छपराचेही तसेच. तीस अंशांच्या उताराचे पाखे उतारावरून मोजले तर खालच्या जमिनीच्या मापापेक्षा सुमारे पंधरा टक्के जास्त भरतात. आतून मोजणे किंवा बाहेरून मोजणे, दोन्ही पद्धती रास्त आहेत. फक्त कोणती धरायची, हे आधी लिहिले पाहिजे. तसेच दर नुसत्या मजुरीचा की मालासह, सेंट्रिंगचे सामान कोणाचे, पाणी आणि वीज कोणाची, हेही लिहावे.

आता माणसाची पारख. ठेकेदार तुम्हाला त्याने नुकतेच रंगवलेले घर दाखवील. ते छान दिसणारच. तुम्ही मात्र त्याचे असे काम मागा, ज्याने किमान दोन पावसाळे काढले आहेत. तेथे जाऊन भिंत आणि स्लॅब यांच्या सांध्यात ओल आहे का, न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला पोपडे आले आहेत का, खिडकीच्या खाली चीर आहे का आणि बीमच्या खालच्या अंगाला गंजाचे तांबूस डाग आहेत का, ते पाहा. घरमालकाला चार प्रश्न विचारा. काम ठरल्या तारखेला संपले का? शेवटचे बिल ठरल्यापेक्षा किती वाढले? गळती निघाल्यावर फोन उचलला का? पुन्हा काम निघाले तर यालाच द्याल का? चौथ्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी माणूस किती वेळ थांबतो, ते ऐकण्यासारखे असते.

दुसरी चौकशी सिमेंट-लोखंडाच्या दुकानात करावी. ज्याची उधारी थकलेली आहे तो तुमच्या आगाऊ रकमेतून मागच्या घराची उधारी फेडतो आणि तुमच्या मालासाठी पुढचे गिऱ्हाईक शोधतो. तिसरी चौकशी त्याच्या चालू कामावर, गवंड्यांकडे. मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळते का, एवढेच विचारा. मजुरी थकली की माणसे पळतात आणि माणसे पळाली की काम थांबते. एका वेळी त्याची किती कामे चालू आहेत, हेही तेथेच कळते.

जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो शासनाच्या जीएसटी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. महाराष्ट्रातील नोंदणीची सुरुवात २७ ने होते आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅन. नाव जुळते का, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे तेथे दिसते. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्या माणसाला सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. गावातल्या छोट्या ठेकेदाराकडे क्रमांक नसला म्हणून तो लबाड ठरत नाही. मात्र क्रमांक नसताना त्याने बिलात जीएसटी लावला, तर तो पैसा सरकारकडे जाणार नाही हे उघड आहे.

निवड झाली की करार. सरकारी कामात हेच ठेकेदार अनामत ठेवतात, मापे नोंदवून बिले घेतात आणि काम संपल्यावर ठरावीक काळ दोषांची जबाबदारी घेतात. मग आपल्या घराच्या कामात तीच शिस्त मागण्यात संकोच कसला? करार दोन पानांचा असला तरी चालेल. १०० रुपयांच्या मुद्रांकाची जागा ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात ५०० रुपयांनी घेतली आहे. मोठ्या रकमेच्या कामाला किती मुद्रांक लागेल ते मुद्रांक विक्रेत्याला किंवा वकिलाला विचारावे. करारात दोघांची आधारप्रमाणे नावे व पत्ते, कामाची यादी आणि दर, सिमेंट, लोखंड, वायर, पाइप यांची कंपनी व प्रत, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पैशांचे टप्पे, वाढीव कामाची रीत, कामगारांच्या अपघाताची जबाबदारी आणि काम संपल्यावर दोन पावसाळ्यांपर्यंत गळती दुरुस्त करून देण्याची हमी, एवढे असावे. वाढीव काम लेखी आणि दोघांच्या सहीनेच होईल, ही ओळ ठळक लिहावी. मोबाइलवरचा संदेशही चालेल, पण 'भाऊ, करून टाका' असे तोंडी नको.

पैशांचे टप्पे कामाच्या पुढे कधी धावू देऊ नयेत. समजा काम चार लाखांचे आहे. सुरुवातीला चाळीस हजार. छप्पर उतरून लाकूडकाम पुरे झाल्यावर एक लाख. कौले चढून कोने बसल्यावर एक लाख वीस हजार. प्लास्टर, फरशी, नळ आणि वीज झाल्यावर एक लाख. आणि उरलेले चाळीस हजार पहिला पावसाळा पार पडल्यावर, दसऱ्याला. हे शेवटचे चाळीस हजार हीच खरी हमी. कोकणात छपराची परीक्षा जुलै महिना घेतो, मेमधली स्वच्छ उन्हे घेत नाहीत. पैसे चेकने किंवा फोनवरून द्यावेत, म्हणजे नोंद राहते. रोख दिलेच तर वहीत तारीख, रक्कम आणि सही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास २०१७ पासून कायद्याने मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे.

काम सुरू झाल्यावर मालकाने गवंड्याच्या मागे उभे राहून सूचना देत बसू नये. पण काही गोष्टी पाहाव्याच. सिमेंटच्या गोणीवर उत्पादनाचा आठवडा किंवा महिना छापलेला असतो. तीन महिन्यांपेक्षा जुने सिमेंट नको. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपवर तपासता येतो. खाडीची वाळू असेल तर तिच्यातले मीठ पुढे लोखंड गंजवते. त्यामुळे आरसीसी कामाला ती वापरायची नाही, असे आधीच सांगावे. आजकालचे बहुतेक सिमेंट मिश्र प्रकारचे असते; त्याला किमान दहा दिवस आणि उन्हाळ्यात चौदा दिवस पाणी मारावे लागते. साध्या पोर्टलंड सिमेंटच्या साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा दिवस काढू नयेत, असे भारतीय मानक सांगते. मिश्र सिमेंटला त्याहून अधिक दिवस धरावे. 'प्लेटा दुसऱ्या कामावर पाहिजेत' हे टेकू लवकर काढण्याचे कारण होऊ शकत नाही.

मुंबईत राहून गावचे काम करून घेणाऱ्यांसाठी एक सोपी रीत आहे. जे झाकले जाणार आहे त्याचा फोटो झाकण्याआधी. पायातले लोखंड, भिंतीतले पाइप, वायरिंगच्या नळ्या, वाशांचे सांधे, यांचे फोटो शेजारी टेप धरून काढायला सांगावेत आणि ते आल्याशिवाय पुढचा टप्पा देऊ नये. गावात आपल्या वतीने बोलणारा माणूस एकच असावा. काका एक सांगतात, मेहुणा दुसरे, आणि बिल तिसऱ्याच कामाचे येते.

घाईच्या काळात ही सगळी शिस्त हमखास सुटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगड भागात घरांची छपरे उडवली. पुढच्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचा पूर चिपळूण शहरात शिरला. अशा वेळी प्रत्येकाला उद्याच काम हवे असते. पत्रे आणि माणसे, दोन्ही मिळेनाशी होतात. पुरानंतर एकाच मुकादमाने पाच घरांची आगाऊ रक्कम घेऊन प्रत्येक घरी दोन-दोन दिवस काम केल्याचे मी पाहिले आहे. आपत्तीनंतर आधी ताडपत्री टाकून घर कोरडे करावे आणि मग आठ दिवस चौकशीला द्यावेत. घाईत दिलेली आगाऊ रक्कम परत मिळणे फार कठीण जाते.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फसवणारे मालकही असतात. काम चालू असताना तीनदा खिडकीची जागा बदलायची, वाढीव कामाचे पैसे 'घरचेच समजा' म्हणून टाळायचे आणि शेवटचा हप्ता वर्षभर लोंबकळत ठेवायचा, असे करणारे थोडे नाहीत. प्रामाणिक ठेकेदार अशा दोन घरांनी बुडतो. लेखी करार त्यालाही तेवढाच वाचवतो, आणि म्हणूनच चांगला ठेकेदार करार म्हटल्यावर रागावत नाही. छपरावर चढणारी माणसे कोण आहेत, त्यांची नावे आपल्याला माहीत असावीत. उंचीवरच्या कामाला दोर आणि पट्टा असावा. राज्यात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. १८ ते ६० वर्षे वयाच्या आणि वर्षात नव्वद दिवस असे काम केलेल्या कामगाराला तेथे नोंदणी करता येते. ठेकेदाराने आपल्या माणसांची ती करून घेतली आहे का, हे विचारल्याने त्या माणसांचेही भले होते आणि ठेकेदाराचाही अंदाज येतो.

एवढे करूनही बिनसले तर? पहिल्यांदा भांडण नको, मोजमाप करा. फोटो काढा, अपुऱ्या कामाची यादी करा, तिऱ्हाईत अभियंत्याकडून ती तपासून घ्या आणि ठेकेदाराला पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र पोहोच मिळेल अशा रीतीने पोस्टाने पाठवा. पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात. नाहीच मिटले तर रत्नागिरीला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. घरबांधणी ही 'सेवा' आहे, हे ग्राहक कायद्यात १९९३ सालीच स्पष्ट झाले आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते आणि वकील न देता स्वतः बाजू मांडता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. पण आयोगापुढे विचारले जाते ते एकच, ठरले काय होते आणि दिले किती? याचे उत्तर तुमच्या कागदात नसेल तर ते कुठेच नसते.

ठेकेदाराच्या परवान्याचा कायदा आपल्याकडे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत दोन पावसाळे काढलेले घर पाहून घेतलेला निर्णय, बाबवार यादी, दोन पानांचा करार आणि दसऱ्यापर्यंत राखून ठेवलेला शेवटचा हप्ता, या चार गोष्टींवरच भिस्त ठेवावी लागेल. यांतल्या एकाही गोष्टीला फारसा खर्च येत नाही. मात्र ठेकेदार ठरवायच्या आधी त्यासाठी महिनाभराची सवड काढावी लागते. यंदाच्या हंगामात ज्यांना घर उघडायचे आहे, त्यांनी तो महिना कौलांना हात लावण्याच्या आधी मोजावा.